वर दाजी, खाली मेहुणा

खरं म्हणजे दाजी हे एकाच माणसाचे दाजी होते. पण तो माणूस दिवसभर वॉकीटॉकीवर "दाजी, खाली घ्या", "दाजी, डावीकडे", "दाजी, बस" असं ओरडत असायचा, आणि तो आवाज साइटवरच्या प्रत्येक कमरेला लटकलेल्या वॉकीटॉकीतून एकदम बाहेर पडायचा. मग गवंडी दाजी म्हणायला लागले, वेल्डर म्हणायला लागले, गेटवरचा वॉचमन म्हणायला लागला, आणि शेवटी इंजिनियर मॅडमसुद्धा म्हणायला लागल्या. एका लग्नात एवढे मेहुणे कुणाच्या नशिबी येतात? दाजींना ते मनातून आवडायचं. वर केबिनमध्ये बसून ते मिशीतल्या मिशीत हसायचे.

दाजी टॉवर क्रेन चालवायचे. वर चढायचं ते शिडीनं. लिफ्ट वगैरे चोचले नव्हते. सकाळी सगळ्यांच्या आधी ते चढायला लागायचे, मध्ये एका टप्प्यावर टेकून दम खायचे, आणि एकदा वर पोचले की जेवायच्या सुट्टीपर्यंत जमिनीशी त्यांचा संबंध संपायचा. केबिन म्हणजे काचेची खोली. खोली कसली, कपाटच. एक खुर्ची, दोन हातांना दोन दांडे, थर्मास, टॉवेल आणि बायकोनं शिवून दिलेली उशी. पायाखालीही काच, त्यामुळे नवा माणूस पाय वर उचलून धरायचा. वारा असला की केबिन पाळण्यासारखी हलायची आणि दाजींना त्यात पेंग यायची नाही, पण पेंगेच्या अलीकडचं काहीतरी यायचं. खाली गच्च्या दिसायच्या. वाळत घातलेले कपडे, कुंड्यांशी बोलणारी एक बाई, उन्हाबरोबर खुर्ची सरकवत बसणारे एक म्हातारे गृहस्थ. कुणाचाही आवाज वर येत नसे. सगळं जग तोंड हलवायचं आणि दाजींच्या कानात फक्त वारा असायचा.

वारा आणि मेहुणा. मेहुणा खाली उभा राहून सिग्नल द्यायचा. त्याचं टोपणनाव रेडिओ, कारण तो बंद करायचं बटण देव लावायला विसरला होता असं सगळ्यांचं मत. आईवडील लवकर गेले, तेव्हा थोरल्या बहिणीनं त्याला वाढवलं. ती लग्न होऊन आली ती त्याला बरोबर घेऊनच, त्यामुळे दाजींना बायकोबरोबर मेहुणा आंदण मिळाला असं म्हणत. दाजींनी त्याला सायकल शिकवली, दाढी करायला शिकवली, आणि शेवटी कुठंच टिकेना तेव्हा आपल्याच हुकाखाली आणून उभा केला. तिथं मात्र तो टिकला. जन्मभर ज्या बडबडीसाठी बोलणी खाल्ली, त्याच बडबडीचा इथं पगार मिळत होता.

कारण या कामाची रीतच तशी आहे. क्रेनवाल्याला प्रत्येक वेळी खालचं दिसतंच असं नाही. भिंतीआड, स्लॅबखाली, खड्ड्यात सामान उतरवायचं असलं की त्यानं फक्त ऐकायचं. खालचा माणूस म्हणत राहतो, "खाली, खाली, खाली." तो म्हणतोय तोवर उतरवायचं. तो गप्प झाला की जागच्या जागी थांबायचं. का गप्प झाला ते विचारायचं नाही. आवाज तुटला असेल, माणूस घसरला असेल, शिंक आली असेल, काहीही. गप्प म्हणजे थांब, एवढंच. वर बसणाऱ्याचे दोन कान आणि खाली उभ्या असलेल्याचे दोन डोळे मिळून एक क्रेनवाला होतो.

महिन्याभरापूर्वीची गोष्ट. त्या दिवशी काही घडलं नाही. दाजींचं दुखणं हेच होतं की काहीच घडलं नाही. प्लायवुडचा दाराएवढा मोठा फळा हुकाला होता, वारा अचानक फिरला आणि फळ्यानं तो शिडासारखा अंगात भरून घेतला. फळा गरकन फिरला आणि झोका घेत निघाला. दाजींनी क्रेनचा हात त्याच्यामागून नेला, झोका जिरवला, सगळं जसं करायचं तसं केलं. पण मधल्या एका क्षणी पायाखालच्या काचेतून त्यांना दिसत होतं ते मेहुण्याचं पिवळं हेल्मेट फळ्याखाली गेलं आणि दिसेनासं झालं. फळा पुढे सरकला तेव्हा हेल्मेट जागेवर होतं. मेहुणा खाली वाकून बुटाची लेस बांधत होता. चांगली निवांत बांधत होता. मग उठला आणि हल्लीच्या लेसना पूर्वीचा दर्जा राहिला नाही, यावर सगळ्या साइटला भाषण ऐकवलं.

म्हणजे याला कळलंसुद्धा नाही, दाजींच्या मनात आलं. हातभर वरून मरण गेलं आणि हा लेस बांधतोय!

त्या दिवसापासून दाजींचं बिनसलं. उजव्या दांड्यावर हात ठेवला की तळव्याला घाम सुटायचा. छाती अशी धडधडायची की क्रेनचं मशीन आणि आपली छाती यातलं कुठलं वाजतंय हेच कळेना. ब्रेक लागला आहे हे माहीत असूनही ते पुन्हा पाहायचे, मग पुन्हा. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. दाजींचं मन रोज तोच फळा नव्यानं उचलायचं आणि रोज तो हातभर खालून न्यायचं.

आणि खाली मेहुण्याची बडबड वाढली होती. पूर्वी तो कामापुरतं आणि वर थोडं बोलायचा. आता श्वासालाही जागा ठेवेना. मांजरं, चपला, डासांच्या जाती, कुठलाही विषय चालायचा. मॅडमनी दोनदा तंबी दिली. याला मजा सुचतेय, असं म्हणून दाजी वरून दात खायचे. ज्याच्यासाठी आपला जीव टांगणीला लागलाय त्यानंच असं उनाडासारखं हसावं, याचा त्यांना राग यायचा. मग रागावल्याची लाज वाटायची.

घरी सांगायची सोय नव्हती. बायकोला काय सांगणार? तुझ्या भावाच्या डोक्यावरून फळा नेला म्हणून? झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मनी वसे ते स्वप्नी दिसे, आणि झोपेत मूठ झाकून राहत नाही. दाजींना स्वप्नात हुकाला घरातलंच सामान दिसायचं. कपाट, खाट, शिलाई मशीन, आणि खाटेवर झोपलेला लहानपणीचा मेहुणा. ते त्याला दोन छपरांच्या मधून अलगद नेत असायचे आणि खाली जमीनच लागत नसायची. नुसतं खाली, खाली.

"अहो, रात्रभर हातानं काय उचलत असता?" बायकोनं एकदा सकाळी विचारलं.

"काही नाही. पांघरूण."

"पांघरूण उचलायला क्रेन लागते होय?" ती म्हणाली आणि डब्यात दोन उकडलेली अंडी जास्त घातली. दुसरं काय करावं ते तिला सुचलं नसावं.

अशात साइटवरचे स्टोअरकीपर नोकरी सोडून निघाले. खिळे, नट, हातमोजे, किल्ल्यांचा जुडगा, पत्र्याची शेड आणि पायाखाली घट्ट जमीन. मॅडम भरवशाचा माणूस शोधत होत्या. दाजींनी मनाशी ठरवून टाकलं. गुडघे दुखतात म्हणायचं. गुडघ्यांना कुणी खोटं पाडत नाही. जेवायच्या सुट्टीत खाली उतरायचं, मॅडमना सांगायचं आणि पुन्हा वर चढायचं नाही.

ज्या दिवशी सांगायचं ठरलं, त्या दिवशी नेमकं धुकं पडलं.

दाजी वर पोचले तेव्हा खाली काही उरलंच नव्हतं. गच्च्या नाहीत, रस्ता नाही, साइट नाही. दुधावर साय धरावी तसं पांढरं सगळीकडे पसरलं होतं आणि त्यातून दूरच्या दोन-तीन क्रेनचे हात आणि पाण्याच्या टाक्यांची टोपणं तेवढी वर आली होती. वारा अजिबात नव्हता. ऊन त्या पांढऱ्यावर पडलं होतं आणि इतकं सुंदर दिसत होतं की क्षणभर दाजी आपली भीती विसरले. आज शेवटचं, त्यांच्या मनात आलं, आणि वाईट वाटलं. ज्या जागेला एवढं भ्यायचं तिच्यावर एवढा जीव कसा जडतो, कोण जाणे.

खाली ट्रकमधून तयार जिने आले होते. हल्ली जिनासुद्धा कारखान्यात ओतून, पायऱ्यांसकट अख्खा आणतात आणि जागेवर नेऊन बसवतात. ट्रकवाल्याला घाई होती.

"दाजी, वारा नाहीये. जमेल का?" मॅडमचा आवाज आला.

"दिसत काहीच नाही," दाजी म्हणाले.

"मग मी काय शोभेला उभा आहे?" मेहुणा मध्येच म्हणाला. "घ्या वर!"

आणि धुक्यातून जिना वर आला. आधी तारा, मग वरची पायरी, मग एकेक करत सगळ्या. हुकाला लटकलेला, कुठूनही न निघालेला आणि कुठंही न जाणारा एक अख्खा जिना उन्हात हळूहळू फिरत दाजींच्या समोर आला. यावरून उद्या माणसं चढतील, भाजीच्या पिशव्या घेऊन मध्येच टेकतील, पोरं उड्या मारतील. दाजींनी तो फिरवून इमारतीच्या बाजूला नेला आणि उतरवायला सुरुवात केली. पायऱ्या एकेक करत पांढऱ्यात बुडाल्या. शेवटी नुसत्या तारा राहिल्या, धुक्यात सोडलेल्या.

"खाली, खाली, खाली," मेहुणा म्हणत होता. "खाली, हळू खाली, खाली..."

हा जिन्याच्या खालीच उभा असणार, दाजींना वाटलं. सरळ खालीच. उजवा हात दांड्यावर होता. डाव्या हातात वॉकीटॉकी होता, तो त्यांनी गच्च आवळला. आणि आवाज बंद झाला.

दाजींनी तिथल्या तिथं थांबवलं. गप्प म्हणजे थांब. त्यांनी वाट पाहिली. शिंक असेल. शिंक एवढी लांबत नाही. खाली काही दिसेना, कानात काही येईना. पांढरं जग आणि त्यात सोडलेल्या चार तारा.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी दाजींना तेव्हा ठाऊक नव्हती. वॉकीटॉकीचं बोलायचं बटण दाबून धरलं की आपलं सगळ्यांना ऐकू जातं आणि दुसऱ्या कुणालाच बोलता येत नाही. दाजींचा डावा अंगठा त्या बटणावर रुतला होता. मेहुणा गप्प झालाच नव्हता. तो खाली बेंबीच्या देठापासून ओरडत होता, पण दाजींनी आपल्याच मुठीत त्याचं तोंड दाबून धरलं होतं. आणि दाजी एकटे असले की स्वतःशी बोलायचे.

"बोल की रे," दाजी म्हणाले. "एरवी तोंड बंद नसतं तुझं. बोल. गेलास का? नाही ना? नाही, मी थांबवलंय. मी वेळेत थांबवलंय."

साइटवरच्या प्रत्येक कमरेवरून दाजींचा आवाज यायला लागला. गवंड्यानं थापी थांबवली.

"त्या दिवशी पण मी थांबवलं होतं. वाऱ्यानं नेला फळा, मी नाही नेला. तुझ्या डोक्यावरून हातभर वरून गेला तो. तुला कळलंसुद्धा नाही, गाढवा, लेस बांधत बसलास. पण मी बघितलं ना! महिनाभर बघतोय. तुझ्या ताईला काय सांगू मी? ती डब्यात अंडी घालते आणि मला गिळवत नाही. तिनं तुला एवढुसा असताना माझ्या हाती दिला, आणि मी कुठं उभा केला, तर हुकाखाली." दाजींनी ब्रेक पुन्हा पाहिला. "मला भीती वाटते रे. रोज वाटते. चढताना वाटते, उचलताना वाटते. हातात दम राहिला नाही माझ्या. मी आज सोडणार आहे. गुडघे दुखतात म्हणणार आहे. गुडघ्यांना काही झालेलं नाही."

खाली ग्राइंडर बंद झाला. मिक्सर कुणीतरी बंद केला. मॅडमनी हात वर करून सगळ्यांना जागच्या जागी उभं केलं होतं, पण त्याची गरज नव्हती. कुणी हलतच नव्हतं. धुक्यात डोक्याच्या वर लटकणारा जिना आणि सगळ्यांच्या कमरेवरून बोलणारा एक घाबरलेला माणूस. मेहुणा आपला वॉकीटॉकी दोन्ही हातांत धरून उभा होता.

वर दाजींचे डोळे भरून आले. ते पुसायला टॉवेल हवा म्हणून त्यांनी वॉकीटॉकी मांडीवर ठेवला.

मग आवाज आला. आला तो अगदी हळू. "दाजी," मेहुणा म्हणाला, "मी बाजूला उभा आहे. धडधाकट आहे. घ्या. खाली... खाली... खाली..." त्यानं एकही जादा शब्द टाकला नाही. दाजींनी जिना उतरवला. तो अंड्यावर कोंबडी बसावी तसा जागेवर बसला.

जेवायच्या सुट्टीत दाजी खाली उतरले तेव्हा धुकं विरळ झालं होतं. शिडीच्या तळाशी उभ्या असलेल्या दोन वेल्डरांनी एकदम आकाशाकडे पाहायला सुरुवात केली. गवंडी नको इतक्या प्रेमानं "या दाजी, बसा" म्हणाला. दाजींना संशय आला. मेहुणा विटांच्या ढिगावर बसला होता, डबा न उघडता.

"बटण दाबलेलं होतं तुमचं," तो म्हणाला.

"कधी?"

"सगळा वेळ."

दाजी विटांवर बसले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, पण या जमिनीवर नुकतंच काँक्रीट ओतलं होतं.

"मला कळलं होतं," मेहुणा म्हणाला.

"काय?"

"फळा. सावली गेली ना अंगावरून. मानेला गार लागलं. आणि गुडघेच गेले माझे. तुमचे धड आहेत, माझे गेले होते. उभं राहता येईना म्हणून वाकलो आणि लेसला हात लावला. लेस बांधलेलीच होती. मी सोडली आणि पुन्हा बांधली, पुन्हा सोडली." त्यानं डब्याचं झाकण चाचपलं. "तेव्हापासून गप्प बसायला भीती वाटते, दाजी. मी गप्प झालो की वर काहीतरी हलेल असं वाटतं. म्हणून बोलत असतो. काय बोलतो माझं मलाच कळत नाही."

दाजी त्याच्याकडे बघत राहिले. महिनाभर या पोराला ते वरून उनाड म्हणत होते.

"मला सांगायचं नाहीस?"

"तुम्ही आधीच घाबरलेले. हुक थरथरत होता तुमचा. खालून दिसतो. म्हटलं, याच्यात आपली भर कशाला?"

मॅडम येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात स्टोअरच्या किल्ल्यांचा जुडगा होता. "दाजी," त्या म्हणाल्या, "गुडघ्यांचं कारण सांगायची गरज नाही. हवं असेल तर आजपासून स्टोअर तुमचं. त्यात कमीपणा काही नाही."

हवं तेच समोर आलं होतं. दाजींनी हात पुढे केलासुद्धा. मग विचारलं, "आणि वर?"

"वर दुसरा येईल. उद्याच येतो म्हणालाय. चांगला धीट आहे म्हणे, कशाला घाबरत नाही."

दाजींनी हात मागे घेतला. त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं, त्याच्या हेल्मेटकडे पाहिलं, आणि त्यांचं डोकं एकदम तापलं. "कशालाच घाबरत नाही? आणि त्याच्या हुकाखाली हा उभा राहणार?"

"मग कुणाच्या राहू?" मेहुणा म्हणाला.

"गप्प बस," दाजी म्हणाले. "मॅडम, किल्ल्या राहू द्या. मला भीती वाटते ती वाटणार. पण याच्यावरून वजन न्यायचं तर ज्याला याची भीती वाटते त्यानंच न्यावं. फक्त एक. ज्या दिवशी फार होईल, त्या दिवशी मी सांगेन, आणि तेव्हा काम थांबेल. ट्रकवाला कितीही ओरडो."

"थांबेल," मॅडम म्हणाल्या. "आणि मीसुद्धा सांगत जाईन. सकाळी तुम्ही लोक कामाला लागेपर्यंत माझ्या पोटात काय होतं ते मी तरी कुणाला सांगितलंय?"

मेहुण्यानं डबा उघडला. "ताईला मात्र सांगायचं नाही," तो म्हणाला. "ती दोघांनाही घरी बसवेल."

"ताईला मी आज संध्याकाळी सांगणार आहे," दाजी म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी अख्खं अंडं खाल्लं. मग दुसरंही.

दुपारी धुकं गेलं. दाजी शिडी चढले, मध्ये दम खायला टेकले, वर जाऊन उशी नीट केली. गच्चीवरचे म्हातारे गृहस्थ खुर्ची सरकवून पश्चिमेच्या उन्हाला लागले होते. उजव्या तळव्याला घाम होता तो होताच. खाली पिवळं हेल्मेट दुसऱ्या जिन्याच्या बाजूला उभं होतं, तारा तपासत. मग ते बाजूला झालं आणि वर बघायला लागलं.

"दाजी," वॉकीटॉकीवर आवाज आला, आणि सगळी साइट ऐकत होती. "भीती आहे ना?"

दाजींनी बटण दाबलं, या वेळी समजून उमजून.

"आहे."

"मग घ्या वर," मेहुणा म्हणाला.